बंदुकीच्या पहाऱ्यात मतपेटी

मागच्या लेखात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: ‘अमेरिकी फौजेनं जपानला लोकशाही दिली, हे अर्धंच खरं आहे.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की आजचा सगळा मजकूर त्यांनाच देतो. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : जपान आणि जर्मनीत अमेरिकी फौज आली आणि लोकशाही रुजली. मग तीच फौज, तोच देश, इराकमध्येच कसं बिनसलं? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

तुम्ही जे विचारताय त्याचंच उत्तर गृहीत धरून जॉर्ज बुश यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये भाषण केलं होतं. इराकवरच्या स्वारीला महिनाही उरला नव्हता. जपान-जर्मनीत लोकशाही टिकणार नाही असं म्हणणारे चुकले, तसेच आजचे शंकेखोरही चुकतील, असा त्यांचा सूर होता. तेव्हा आधी या दाखल्याचीच झडती घेऊ.

१९४५ चा जपान म्हणजे कोरी पाटी नव्हती. संसदेची पहिली निवडणूक तिथं १८९० सालची. पंचविशीच्या पुढच्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क १९२५ मध्ये मिळाला. पक्ष होते, पक्षांची भांडणं होती, वर्तमानपत्रं होती. लष्करानं तीसच्या दशकात हे सगळं गिळलं, पण ते पाहिलेली माणसं जिवंत होती. जर्मनीत तर बायकांनीही १९१९ पासून मतदान केलेलं. कोनराड आडेनाउअर १९१७ पासून कोलोनचे महापौर. नाझींनी त्यांना १९३३ मध्ये हटवलं, अमेरिकनांनी १९४५ मध्ये परत बसवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी कामात ढिलाई केल्याचा ठपका ठेवून पुन्हा काढलं. चार वर्षांनी हेच गृहस्थ पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले. ज्याला फौजेनं घरी पाठवलं त्याला लोकांनी वर बसवलं, आणि फौजेनं ते चालवून घेतलं.

त्याच जर्मनीच्या पूर्व भागातही विजयी फौजच होती, सोव्हिएत. माणसं तीच, भाषा तीच, युद्धातला पराभव तोच. तिथं मात्र ४० वर्षं एका पक्षाचं राज्य चाललं. म्हणून ‘फौज आली की लोकशाही येते का’ या प्रश्नात फौजेपेक्षा तिला आपल्या मनाविरुद्धचा निकाल कितपत सोसतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इराकचं सविस्तर पुढं आहे.

प्रश्न : जपानची राज्यघटना अमेरिकनांनी आठवड्यात लिहून जपान्यांच्या हातात ठेवली, असं आमच्या वर्गात सांगितलं. मग ती जपानची कशी म्हणायची? (जपानी भाषेची विद्यार्थिनी, पुणे)

वर्गात सांगितलं ते खरंच आहे. जपानी सरकारचा स्वतःचा मसुदा १ फेब्रुवारी १९४६ ला ‘माइनिची’ वृत्तपत्रात फुटला. सगळी सत्ता सम्राटाच्या नावानं ठेवणाऱ्या जुन्या मेइजी घटनेला रंग फासण्यापलीकडे त्यात काही नव्हतं. जपानमधल्या कब्जेदार फौजेचे प्रमुख, अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांनी आपल्याच कार्यालयातल्या माणसांना कामाला लावलं आणि १३ तारखेला इंग्रजी मसुदा जपानी मंत्र्यांसमोर ठेवला. लिहिणाऱ्यांत बिआटे सिरोटा नावाची २२ वर्षांची मुलगी होती. लहानपण टोकियोत गेलेलं, जपानी अस्खलित. जीप घेऊन ती जळक्या टोकियोतली ग्रंथालयं फिरली आणि निरनिराळ्या देशांच्या घटना गोळा करून आणल्या. लग्नात नवरा-बायको समान, हे कलम २४ तिच्या हातचं. बायकांसाठी तिनं लिहिलेलं बाकीचं बरंचसं वरिष्ठांनी कापलं.

पण मसुदा बनवणाऱ्यांच्या टेबलावर आणखी एक कागद होता. सुझुकी यासुझो आणि त्यांच्या सोबत्यांच्या घटना अभ्यास मंडळानं डिसेंबर १९४५ मध्येच आपला आराखडा प्रसिद्ध केला होता: सत्ता प्रजेची, सम्राट समारंभापुरता. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो भाषांतरून घेऊन बारकाईनं वाचला होता. आणि सुझुकींचा अभ्यास होता १८७०-८० च्या दशकांतल्या, संसद आणि घटना मागणाऱ्या जपानी जनहक्क चळवळीचा.

त्या चळवळीचा एक पुरावा बघायला मी एकदा टोकियोच्या पश्चिमेला इत्सुकाइचीला गेलो होतो. रेल्वेचं शेवटचं स्टेशन, पुढं डोंगराकडे जाणारा रस्ता. फुकासावा कुटुंबाचा मूळ वाडा आता नाही, उरलीय ती जाड मातीच्या भिंतींची कोठी, आपल्याकडच्या धान्याच्या कोठारासारखी. १९६८ मध्ये एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना घेऊन ही कोठी उघडली तेव्हा कापडात गुंडाळलेले कागद निघाले. १८८१ चा राज्यघटनेचा मसुदा, २०४ कलमं. लिहिणारा चिबा ताकुसाबुरो, गावचा शाळामास्तर. गावातली माणसं जमून वाद घालत आणि मास्तर लिहीत. तो एकतिसाव्या वर्षी वारला आणि कागद कोठीत पडून राहिले. कोठीसमोर उभं राहिल्यावर ‘वरून लादलेली घटना’ हा शब्द माझ्या तोंडून तरी सहज निघेना.

शिवाय मसुदा संसदेत आल्यावर त्यात भर पडली. किमान सुसंस्कृत जीवन जगण्याचा हक्क, म्हणजे कलम २५, समाजवादी सदस्यांनी घातलं. ३ मे १९४७ ला घटना लागू झाली. ती बदलायची हे १९५५ पासून सत्ताधारी पक्षाच्या कार्यक्रमात आहे, आणि आजतागायत तिचं एक अक्षर बदलता आलेलं नाही. मतदारांनीच ती धरून ठेवलीय म्हणा ना.

हेही सांगायला हवं की हीच कब्जेदार फौज वर्तमानपत्रं तपासत होती, खासगी पत्रं फोडत होती, आणि सेन्सॉरशिप आहे हे छापायलासुद्धा बंदी होती. १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थर यांनी हुकूम काढून मोडला. लोकशाहीचा मास्तर हातात छडी घेऊनच वर्गात होता.

प्रश्न : घटना-बिटना ठीक. शेतकऱ्याला काय मिळालं? (बागायतदार, सांगली)

जमीन मिळाली, आणि माझ्या मते जपानच्या गोष्टीतलं सगळ्यात पक्कं काम तेच. आपल्याकडं कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं असं आपण म्हणतो. जपानमध्ये ते दहा वर्षं आधी झालं. गावात न राहणाऱ्या मालकाची सगळी कुळाची जमीन सरकारनं विकत घ्यायची आणि कसणाऱ्याला विकायची. किंमत जुन्या भावानं ठरलेली, आणि महागाई अशी भडकलेली की शेवटी जमीन जवळजवळ फुकटात पडली. पूर्वी निम्म्याच्या जवळपास शेतजमीन कुळं कसत होती, ते प्रमाण दहाव्या हिश्शावर आलं.

मात्र ही कल्पनाही अमेरिकेहून बोटीत भरून आणलेली नव्हती. जपानच्या शेतकी खात्यातले अधिकारी युद्धाआधीपासून तिच्या मागे होते, जमीनदारांपुढं त्यांचं चालत नव्हतं. फौजेनं तो अडसर काढला. तलाठ्यासारखी कामं करणारी यंत्रणा जपानीच राहिली, आणि जमिनीचे व्यवहार गावोगावच्या निवडून आलेल्या समित्यांनी पाहिले, ज्यांत कुळांना ठरलेल्या जागा होत्या. नोंदवह्या शाबूत होत्या म्हणून हे जमलं. इराकमध्ये नेमक्या याच गोष्टीची राखरांगोळी झाली.

प्रश्न : माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले, परत आले नाहीत. इंग्रजांनी तिथं कोणतं राज्य आणलं? (निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा)

हवालदारसाहेब, तुमच्या पत्रानं मला थांबवलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा, म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, तुर्कांकडून घेतलं ते सहाव्या पूना डिव्हिजननं. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि उपासमारीनं २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत मेले. आपल्याकडच्या अनेक गावांत चावडीजवळ ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ अशी दगडी पाटी असते, तिच्यातले बरेच आकडे या मुलखातले आहेत.

मार्च १९१७ मध्ये बगदाद पडल्यावर जनरल मॉड यांच्या नावानं जाहीरनामा निघाला: आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. तीन वर्षांनी त्याच लोकांनी बंड केलं, ते हिंदुस्थानातून आणखी पलटणी आणून आणि विमानांतून बॉम्ब टाकून मोडलं. मग मक्केकडच्या घराण्यातला फैसल आणला, सार्वमत घेतलं, ९६ टक्के होकार जाहीर केला आणि ऑगस्ट १९२१ मध्ये त्याला राजा केलं. संसदही दिली. निवडणुका व्हायच्या, पण कोण निवडून येणार हे बहुतेक आधीच ठरलेलं असायचं. राजा, संसद सगळं १४ जुलै १९५८ च्या लष्करी उठावात गेलं.

एक बारीक गोष्ट: १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत इराकच्या बाजारात चलन होतं आपला हिंदुस्थानी रुपया. तेवढा आपला माल तिथं खरोखर रुजला होता.

प्रश्न : २००५ मध्ये इराकी बायका शाई लावलेलं जांभळं बोट दाखवत होत्या, तो फोटो आठवतो. ते खोटं होतं का? (शिक्षिका, नाशिक)

मुळीच नाही. ३० जानेवारी २००५ ला लोक बॉम्बस्फोटांच्या सावटाखाली चालत मतदानाला गेले, त्या बोटांवर शंका घेणं पाप आहे. पण ती निवडणूक कोणामुळं झाली ते पाहा.

जून २००३ मध्ये नजफ शहरात अमेरिकी मरीन सैनिकांनीच स्थानिक निवडणुकीची तयारी केली होती. बगदादहून प्रशासक पॉल ब्रेमर यांनी ती रद्द केली, कारण भलतेच लोक निवडून येतील ही भीती. जर्मनीत त्याच अमेरिकेनं पराभवाला वर्षही व्हायच्या आत, जानेवारी १९४६ मध्ये, खेड्याखेड्यांतून निवडणुका घेतल्या होत्या. इकडं जून २००३ मध्येच नजफचे वृद्ध धर्मगुरू अयातुल्ला सिस्तानी यांनी फतवा काढला: घटना लिहिणारे इराक्यांनी निवडलेलेच असले पाहिजेत. अमेरिकेचा बेत नेमलेल्या मंडळींच्या बैठकांमधून संसद जमवण्याचा होता. जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले, घोषणा निवडणुकीच्या. म्हणजे लोकशाही द्यायला आलेले म्हणत होते ‘थांबा’, आणि पगडीवाला धर्मगुरू म्हणत होता ‘मत घ्या’.

बाकी नुकसान दोन हुकुमांनी केलं. १६ मे २००३ ला सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या सगळ्यांना नोकरीतून काढलं. पक्षाचं सदस्यत्व घेतल्याशिवाय वर चढता येत नसे, त्यामुळं शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा गेले. आठवड्याभरात सैन्य बरखास्त. सुमारे ४ लाख माणसं, हातात शस्त्र, घरी पगार नाही. जपानमध्येही सैन्य मोडलं होतं, पण कारकून, पोलीस, स्टेशनमास्तर जागेवर ठेवले होते.

आणि मग वाटणी आली. शियांना इतकं, सुन्नींना इतकं, कुर्दांना इतकं. इराकी लोक याला ‘मुहासासा’ म्हणतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या तहरीर चौकात पोरं उतरली ती याच वाटणीविरुद्ध. शेकडो मेली, पंतप्रधानांना जावं लागलं. इराकच्या लोकशाहीत जो काही जीव आहे तो मला या पोरांत दिसतो.

प्रश्न : अफगाणिस्तानबद्दल लिहा. (अनेक वाचक)

वेगळा लेख लागेल. आज एवढंच: २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद मिटवायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री काबूलला गेले आणि दोन्ही उमेदवारांना सत्तेत बसवून आले. मतदारानं रांगेत उभं राहून काय ठरवलं, हे मग कोणी विचारायचं?

प्रश्न : तुमच्या हिशेबानं १९६१ चा गोवा कुठं बसतो? राग मानू नका. (वाचक, फोंडा)

राग कसला, प्रश्न रास्त आहे. भारतीय फौजेनं गोवा घेतला, त्याला पोर्तुगाल १९७४ च्या शेवटापर्यंत कब्जाच म्हणत होता. पण त्या पोर्तुगालमध्ये स्वतःकडंच हुकूमशाही होती, आणि गोव्यात कित्येक वर्षं लोक त्याविरुद्ध तुरुंगात जात होते. भारतात यायचं की नाही हे १९६१ मध्ये गोंयकारांना मतपेटीतून विचारलं नाही, हेही खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

मात्र पुढचं बघा. लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ सहा महिन्यांत गेले. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक झाली आणि दिल्लीत सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यानं साफ झिडकारलं. भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष आला, महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्याचा मुख्य मुद्दा. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर जनमत कौल झाला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं! माणूस हवा, त्याचा मुद्दा नको. आम्हा महाराष्ट्रातल्या मंडळींना तो निकाल बराच काळ झोंबला. झोंबणारा निकाल लागू शकला, एवढं मी गोव्याच्या बाजूनं नोंदवतो.

प्रश्न : फौज खरोखर लोकशाही आणतेय की नाही, हे सुरुवातीलाच ओळखायची काही खूण? (निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

नको असलेला माणूस निवडून आला की फौज काय करते ते पाहायचं. जपानचंच दुसरं टोक घ्या. टोकियोत कब्जा एप्रिल १९५२ मध्ये संपला, ओकिनावा बेट मात्र मे १९७२ पर्यंत अमेरिकी अमलाखाली राहिलं. डिसेंबर १९५६ मध्ये नाहा शहराच्या महापौरपदी सेनागा कामेजिरो निवडून आले, लष्करी तळांचे कट्टर विरोधक, त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले. अमेरिकी प्रशासनानं नगरपालिकेचं कर्ज आणि अनुदान बंद पाडलं, तिचे बँकेतले पैसे गोठवले. तेव्हा नाहाचे लोक आपला कर भरायला नगरपालिकेत रांगा लावून उभे राहिले. कर भरायला रांग, हे दृश्य तुमच्या बँकेच्या आयुष्यात तुम्ही कितीदा पाहिलं असेल? पुढच्या नोव्हेंबरात अमेरिकी उच्चायुक्तांनी नियमच बदलून सेनागांना अपात्र ठरवलं. जानेवारी १९५८ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नाहानं सेनागांनी पाठिंबा दिलेल्या कानेशी साइचींना निवडून दिलं.