हिवाळ्याचं सगळं लाकूड घरातच रचून ठेवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न वाचला. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँटमध्ये जुनं घर घेतलंय, दिवाणखान्यात वुडस्टोव्ह आहे, पाच कॉर्ड (सरपण मोजायचं इथलं माप) लाकूड सांगून ठेवलंय. बर्फात बाहेर जायला लागू नये म्हणून मावेल तेवढं तळघरात आणि उरलेलं दिवाणखान्यात भिंतीला लावून रचायचा विचार आहे. मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये राहते आणि घर लाकडावरच तापवते, म्हणून लिहितेय.

दिवाणखान्यात रचू नका. तळघरात चालेल, पण लाकूड खरोखर वाळलेलं असेल तरच. सप्टेंबरात ट्रकवाला अंगणात ओतून जातो ते लाकूड बहुतेक वेळा वाळलेलं नसतं, तो काहीही म्हणो.

आधी पाच कॉर्ड म्हणजे केवढा पसारा ते बघा. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेली थप्पी, १२८ घनफूट. (फेस कॉर्ड म्हणून जे विकतात ते एकाच तुकड्याच्या खोलीचं असतं. तुकडे १६ इंची असतील तर पूर्ण कॉर्डच्या फक्त एक तृतीयांश. स्वस्त भाव ऐकला की आधी हे विचारायचं.) वाळलेल्या मेपलची किंवा ओकची एक कॉर्ड साडेतीन हजार पौंडांच्या आसपास भरते आणि उभी राहते ३२ चौरस फुटांवर. म्हणजे दर चौरस फुटाला १०० पौंडांहून जास्त वजन. आजकालच्या घरांत राहत्या खोल्यांची जमीन ४० पौंड धरून बांधतात. तुमचं घर जुनं, त्याचा तेवढाही हिशोब कोणी केलेला नसेल. तळघरात खाली काँक्रीट असेल तर वजनाची काळजी नाही.

तळघरात काळजी पाण्याची. ताज्या तोडलेल्या ओकची एक कॉर्ड जाळण्याजोगी वाळेपर्यंत तिच्यातून हजार पौंडांहून जास्त पाणी उडून जातं, म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर. बाहेर थप्पी असेल तर ते वाऱ्यावर जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. तळघरात ते जाणार कुठे? हवेत उतरतं, वर घरभर पसरतं, आणि जिथे थंड जागा मिळेल तिथे पुन्हा पाणी होऊन बसतं. दगडी पायाच्या भिंतीवर, आणि त्या भिंतीच्या डोक्यावर घराच्या ज्या आडव्या तुळया टेकलेल्या असतात त्यांच्यावर. त्या कायम दमट राहिल्या की आधी बुरशी, मग कुजणं. शिवाय लाकडाच्या सालीवर स्वतःची बुरशी असतेच. बंद जागेत ती फोफावते आणि घरात कोणाला दमा असेल तर त्याला पहिल्यांदा कळतं. गंमत म्हणजे एवढं करूनही लाकूड धड वाळत नाही, कारण वाळायला वारा लागतो आणि तळघरात तो नसतो.

आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. स्टोव्हात घालून बघा. ओलं लाकूड टोकांना फेस काढत फुसफुसतं, काच काळी होते, आणि बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उकळण्यातच खर्ची पडते. धूर गार असला की धुराड्यात आतून क्रिओसोट बसतं, डांबरासारखं काळं. ते कधीतरी पेट घेतं. इथे हिवाळ्यात धुराड्याला आग लागून घर गेल्याच्या बातम्या येतात, त्यांत हे कारण नेहमीचं.

म्हणून लाकूड आलं की आधी तपासा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेल्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. टोकांना मधून निघालेल्या भेगा, सुटत आलेली साल, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं वाटणं, या खुणा बऱ्या. पण भेगांवर विसंबून राहू नका, टोकं आधी सुकतात आणि पोटात ओल असते. ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं मीटर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तुकडा कुऱ्हाडीने नव्याने फोडायचा आणि त्या ताज्या फोडीवर, मध्यभागी, सुया टोचायच्या. २० टक्क्यांच्या आत आलं तर घरात न्यायला हरकत नाही. ३० दाखवलं तर बाहेरच रचा आणि या हिवाळ्यापुरतं विसरा. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड फोडून ठेवलं तर साधारण वर्षात तयार होतं, ओकला दोन उन्हाळे द्यावेच लागतात.

आता किडे. यावर इथली मंडळी खांदे उडवतात, पण नव्या माणसाची झोप उडते म्हणून सांगते. सालीखाली झोपलेले भुंगे, कोळी, मुंग्या ६८ फॅरेनहाइटच्या खोलीत दोन-चार दिवस राहिले की त्यांना वसंत आल्यासारखं वाटतं आणि जानेवारीत खिडकीवर फिरायला लागतात. बहुतेक निरुपद्रवी, झाडून टाकायचे. दोघांकडे मात्र लक्ष ठेवा. थप्पीखाली मैद्यासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर तो पावडरपोस्ट भुंगा. तो रंग-वार्निश न लावलेल्या तुळयांतही अंडी घालू शकतो, ते तुकडे लगेच जाळून टाका. आणि मोठ्या काळ्या कार्पेंटर मुंग्या. त्या लाकूड खात नाहीत, पोखरून घर करतात, आणि तेही ओलसर लाकडात. वर सांगितलेल्या दमट तुळया त्यांना आवडतात, म्हणजे पुन्हा प्रश्न ओलीचाच. काहीही झालं तरी लाकडावर कीटकनाशक फवारू नका. तेच पुढे तुमच्या घरात जळणार आहे.

याच किड्यांपायी लाकूड जवळपासचंच घ्यायचं असतं. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगा पूर्व आशियातला. २००२ मध्ये तो मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि लोकांनी कॅम्पिंगला नेलेल्या सरपणातून गावोगाव गेला. व्हरमाँटमध्ये २०१८ मध्ये पोचला. उष्णता देऊन कीडमुक्त न केलेलं सरपण बाहेरच्या राज्यांतून व्हरमाँटमध्ये आणायला २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा सीमेपलीकडून स्वस्तात मिळतंय म्हणून ट्रक भरून आणू नका.

बर्फात बाहेर जायला लागू नये ही तुमची इच्छा मात्र अगदी रास्त आहे, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे आपल्या या ईशान्येकडच्या राज्यांच्या, शेतकऱ्यांनी तिचा विचार फार पूर्वी केलाय. एकोणिसाव्या शतकातली इथली कितीतरी फार्महाऊसं सलग जोडलेली असतात. पुढे मोठं घर, त्याला लागून स्वयंपाकघर, त्याच्यामागे शेड आणि शेवटी गोठा. लाकूड त्या मधल्या शेडमध्ये. एका छपराखाली, पण राहत्या घराच्या बाहेर, फटीफटींतून वारा खेळणाऱ्या जागेत. स्वयंपाकघरातून दार उघडलं की हाताशी सरपण, डोक्यावर बर्फ नाही. माझं बालपण कोकणातलं. तिथे मृगाच्या आधी पावसाळ्याचं सरपण पडवीत भरायचे आणि चार-आठ दिवसांचं तेवढं चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचे. न्यू इंग्लंडचं शेड पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती पडवीच वाटली.

तुमच्या घराला असं शेड किंवा झाकलेला पोर्च असेल तर पहिला हक्क त्याचा. नसेल तर स्वयंपाकघराच्या दारापासून वीसएक फुटांवर, पॅलेटवर (जमिनीपासून उचलून धरणारी फळ्यांची चौकट), फक्त माथ्यावर पत्रा टाकून रचा. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरतो. घराच्या भिंतीला चिकटवूनही नको, उंदीर आणि मुंग्यांना जिना मिळतो. छपरावरचा बर्फ घसरून पडतो ती बाजू टाळा, नाहीतर फेब्रुवारीत लाकूड कुदळीने खणून काढावं लागेल.

तळघरात भरायचंच असेल तर २० टक्क्यांच्या आतलं तेवढंच, आणि जुन्या घरांना बाहेरून तिरकं दार असतं तिथून खाली सोडा, जिन्याने वाहू नका, कंबर जाईल. खाली पॅलेट, भिंतीपासून हातभर मोकळी जागा. फर्नेस, पाणी तापवायचा हीटर आणि तेलाची टाकी यांच्यापासून तीन फूट लांब. विजेच्या पॅनलसमोरची जागा पूर्ण रिकामी. तळघरात दमटपणा मोजणारं काटेवालं यंत्र टांगा आणि काटा ६० टक्क्यांच्या वर रेंगाळायला लागला तर समजा लाकूड तुम्हाला फसवतंय.

वर दिवाणखान्यात दोन-तीन दिवसांचं, स्टोव्हपासून तीन फूट सोडून. वरवर लागलेला बर्फ एवढ्या वेळात वाळतो, आणि हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की तेवढी ओल सुखावहच वाटते. स्टोव्हला टेकून लाकडं 'वाळत' ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या घरी मी जास्त वेळ बसत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच, आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीतून थेट बाहेर, पोर्चवर नाही. निखारे राखेत दिवस-दिवस जिवंत राहतात.

मीटरने पाचही कॉर्ड ओल्या दाखवल्या, तर घाबरू नका, पहिल्या वर्षी अनेकांचं हेच होतं. ते सगळं बाहेर रचून पुढच्या हिवाळ्याला ठेवा. या वर्षापुरतं भट्टीत वाळवलेलं लाकूड थोडं घ्या, किंवा दाबलेल्या भुशाच्या विटा. महाग पडतात, पण ओल जवळजवळ नसते आणि जागा कमी लागते. त्या मात्र घरातच ठेवाव्या लागतात. पाणी लागलं की फुगतात आणि पुन्हा भुसा होतो.