अम्मी पहिल्यांदाच मुंबईहून अमेरिकेला चालल्यात, सिक्युरिटीत बुरखा-नकाब काढायला लावतात का?

सगळ्यांसमोर नाही लावत, टेन्शन घेऊ नका. चेहरा मात्र दाखवावाच लागतो, गेटवर तिकीट-पासपोर्ट बघताना आणि इमिग्रेशनला, तिथे सरळ म्हणायचं की लेडीज स्टाफला बोलवा.

आपल्याकडे सीआयएसएफचं बायकांचं चेकिंग पडद्याच्या आतच असतं, लेडी कॉन्स्टेबल हातातलं मशीन फिरवते, दोन मिनिटांत मोकळं. खरा घोळ पिनांचा! आमच्या खालाने हिजाबला सात-आठ टाचण्या लावलेल्या, मशीन कानापाशी आलं की टीं टीं, तिला वाटलं आता पोलीसच येतात, घामाघूम झाली बिचारी. त्यामुळे त्या दिवशी नुसता गुंडाळायचा जर्सीचा स्कार्फ बरा, आणि बांगड्याही कमीच.

अमेरिकेत स्कार्फ घालूनच स्कॅनरमधून जाता येतं पण कपडे ढगळ असले की हाताने तपासणी होऊ शकते, ती बाईच करते. बंद खोलीत करा असं मागता येतं, सोबत आपलं माणूसही नेता येतं, अम्मींना 'प्रायव्हेट स्क्रीनिंग प्लीज' एवढं पाठ करून ठेवा, इंग्रजी येत नसलं तरी चालेल. कधी कधी स्कार्फ स्वतःलाच वरून चाचपायला सांगतात आणि मग तळहातावर छोटं कापड फिरवून मशीनमध्ये टाकतात, ते स्फोटकांचा अंश बघायला असतं, घाबरायचं नाही. हो, आणि एकट्या जात असतील तर व्हीलचेअर बुक करा, सोबत स्टाफचं माणूस असतं.