जंक जर्नल : कात्री लावण्यापूर्वी

जंक जर्नलविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वापरून झालेली पाकिटे, लग्नपत्रिका, तिकिटे, सुट्या झालेल्या पुस्तकांची पाने आणि जुन्या धाटणीचे छापील कागद एकत्र शिवून केलेली वही म्हणजे जंक जर्नल. आपल्या कात्रणवहीची आणि चिकटवहीची ती जवळची नातलग आहे. चिकटवहीत कोऱ्या पानावर वस्तू चिकटवतात, येथे पुष्कळदा ती वस्तूच पान होते.

प्रश्न : मला पहिली वही करायची आहे. जुन्या धाटणीच्या कागदांचे तयार संच बरेच महाग आहेत. ते घेतल्याशिवाय सुरुवात करता येईल का? (नाशिक)

जरूर करता येईल, आणि पहिली वही संचाशिवायच करावी असे मी आग्रहाने सांगेन. महिनाभर घरात येणारा कागद एका खोक्यात साठवा. खाकी पाकिटे, मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर, औषधांच्या घडीपत्रिका, कपड्यांना लटकवलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या, शिंप्याकडच्या मापाच्या पावत्या, गेल्या वर्षीची दिनदर्शिका, काहीही चालेल. हळदकुंकवाचे बोट लागलेली लग्नपत्रिका तर उत्तम, कारण तिचा जाड कागद खिशासाठी योग्य असतो आणि सोनेरी ठशाचे पाकीट तसेच्या तसे पान म्हणून शिवता येते. विकतचा कागद घ्यायचाच असेल तर चारपाच सुटे ताव घ्या आणि ते या घरच्या कागदांच्या मध्ये पेरा. सगळी वही संचातल्या कागदाची झाली की ती कोणाचीही असू शकते.

एक सावधगिरी मात्र घ्या. एटीएमच्या, दुकानांच्या आणि हल्लीच्या बस तिकिटांच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. त्यांवरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात आणि इस्त्री लागली तर कागद काळा पडतो. अशा पावतीची झेरॉक्स काढून ती लावावी.

प्रश्न : चहात बुडवून कागद जुना दिसावा म्हणून प्रयत्न केला, परंतु छापलेली चित्रे पसरली आणि कागद चिकट झाला. काय चुकले असावे? (नागपूर)

तुमच्या पत्रातल्या दोन तपशिलांत दोन्ही उत्तरे आहेत. चित्रे तुम्ही घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापली होती आणि घरात उरलेला चहा वापरला होता. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते, तर लेझर प्रिंटरचे आणि झेरॉक्सचे टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसलेले असते, त्यामुळे ते पाण्याने हलत नाही. म्हणून चित्रे झेरॉक्सच्या दुकानातून लेझरवर छापून आणा आणि मग रंगवा. आधी रंगवलेला सुरकुतलेला कागद प्रिंटरमध्ये घालू नका, तो आत अडकतो. उरलेल्या चहात दूध आणि साखर असते, आणि कागद चिकट होण्याचे कारण तेच. अशा कागदाला आधी मुंग्या आणि पुढे कसर लागते.

लिटरभर पाण्यात पाचसहा चमचे चहापूड पाच मिनिटे उकळावी, गाळावी, कोमट होऊ द्यावी आणि पसरट ताटात ओतावी. कागद एकेक करून मिनिट-दोन मिनिटे बुडवावा, दोन कोपरे धरून निथळू द्यावा आणि जुन्या सुती धोतरावर पसरावा. अर्धवट ओला असताना इन्स्टंट कॉफीचे चार दाणे टाकले तर तपकिरी ठिपके उमटतात. ओल साचते तेथे कडेला गडद रेघ येते. मला ती आवडते. ज्यांना नको असेल त्यांनी साचलेले पाणी टिपून घ्यावे. पूर्ण वाळल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्री करावी. आर्ट पेपरसारखा गुळगुळीत कागद रंग धरत नाही, त्यामुळे साधा 75 ते 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा.

चहातील टॅनिनमुळे रंग येतो खरा, पण चहाचे पाणी आम्लधर्मी असते आणि आम्लाने कागद कालांतराने ठिसूळ होतो. तेव्हा चहा हा नव्या कागदासाठीच आहे. खरोखर जुन्या कागदाला त्याचा थेंबही लावू नका. का, ते पुढच्या उत्तरात सविस्तर सांगते.

प्रश्न : सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांना जंक जर्नल भेट द्यायचे आमच्या जावा-नणंदांनी ठरवले आहे. वाड्यातल्या पेटीत मामंजींची पत्रे, जुने फोटो आणि मोडीतले बरेच कागद आहेत. मोडी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. ते कागद कापून पाने केली तर वही फार सुंदर होईल असे नणंदबाईंना वाटते. आपला सल्ला हवा आहे. (सातारा)

वही अवश्य करा, पण त्या पेटीतला एकही कागद कापू नका. नणंदबाईंचा हेतू प्रेमाचा आहे यात शंका नाही. तरीही ही एक गोष्ट त्यांना कृपया समजावून सांगा.

मोडी लिपी महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात होती. त्यामुळे वाड्यातल्या पेटीत काहीही असू शकते: जमिनीचा दस्त, वाटणीपत्र, कर्जखत, दुष्काळातला धान्याचा हिशेब किंवा नुसती किराणा मालाची यादी. वाचल्याशिवाय यांतले काय कापले जात आहे हे कळायला मार्ग नाही. इतिहास संशोधक वि. का. राजवाडे असेच कागद मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले, आणि ज्यांच्या पुढाकाराने 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यांत ते होते. पुण्याचे पुराभिलेखागार आणि हे मंडळ ही मोडी कागदांची महाराष्ट्रातली प्रमुख घरे होत, आणि पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्गही भरतात. तुमच्या घरातल्या एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने तो वर्ग केला, तर सासूबाईंना वहीइतकीच मोठी भेट मिळेल.

पत्रांबद्दल मी स्वानुभवाने सांगते. या छंदाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे वडिलांचे एक निळे आंतरदेशीय पत्र होते. माझ्या परीक्षेच्या निकालानंतर त्यांनी ते लिहिले होते. बाकीच्या पानांशी त्याचा रंग जुळावा म्हणून मी ते चहाच्या ताटात सोडले. रॉयल ब्लू शाई होती. आधी ओळींच्या कडा फिकटल्या, मग अक्षरांतून निळे धागे निघून पाण्यात पसरू लागले, आणि मी ते उचलेपर्यंत ‘चि.’ आणि खालची सही एवढेच वाचण्यासारखे उरले होते. मधल्या मजकुरातली दोन वाक्ये मला पाठ होती, ती मी त्याच दिवशी लिहून ठेवली. बाकीचे पत्र गेले. तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: हा कागद जगात एकच आहे का? एकच असेल तर तो वहीत जात नाही, त्याची प्रत जाते.

प्रत चांगली काढली तर वहीत ती मुळाइतकीच बोलते. कागद सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी, किमान 300 डीपीआयवर (म्हणजे इंचाला तितके ठिपके) रंगीत स्कॅन करा. लहान फोटो असतील तर 600वर. घडी कडक झाली असेल तर ती जोराने उलगडू नका, कारण जुना कागद घडीवरच तुटतो. अशा वेळी दिसेल तेवढ्याच भागाचा खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो घ्या. छपाई किंचित पिवळसर, न चकाकणाऱ्या जाड कागदावर लेझरने करा. हातकागदावर तर मोडीची अक्षरे फारच खुलतात. हातकागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा मिळाला तर जरूर घ्या, तेथे कागद करण्याची परंपरा शतकांची आहे. पत्राची प्रत मुळाच्याच आकारात छापून, तशाच घड्या घालून, लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवा. सासूबाई ते बाहेर काढून उलगडतील तेव्हा हातांना ओळखीची घडी लागेल.

मूळ कागदांसाठी धुतलेले, खळ काढलेले मांजरपाट आणा आणि त्यात ते सैलसर गुंडाळा. पेशवे दफ्तरातले कागदही कापडात बांधूनच ठेवत आले, आणि त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही, तेव्हा या दोन्ही गोष्टी टाळा. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, पण रबर लावू नका.

प्रश्न : तिकिटे, पाकिटे, लेस चिकटवल्यावर माझी वही इतकी फुगते की तिचे तोंड मिटत नाही आणि कण्याजवळचा दोरा कागद कापतो. (डोंबिवली)

वही फुगणारच, तेव्हा तिला फुगायला जागा आधीच ठेवायला हवी. पाने शिवल्यावर कण्याची जाडी दीड सेंटिमीटर भरत असेल तर पुठ्ठ्याचा कणा तीन ते साडेतीन सेंटिमीटर ठेवा. शिवाय दर दोनतीन पानांनंतर कण्यालगत दोन सेंटिमीटर रुंदीची दुमडलेली पट्टी पानांबरोबर शिवा. जुन्या फोटो अल्बममध्ये कण्यापाशी अशाच पट्ट्या असत, आणि फोटोंची जाडी त्या सामावून घेत.

दोरा कागद कापतो त्याची कारणे दोन. एक म्हणजे दोरा फार बारीक असतो. गोधडीचा जाड सुती दोरा घेऊन त्यावरून मेणबत्ती दोनदा फिरवा. दुसरे कारण कागदाच्या तंतूंच्या दिशेचे आहे. झेरॉक्सच्या ए4 कागदात तंतू बहुधा लांबीच्या बाजूने असतात, आणि तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी जाते व तडकते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो तीच घडीची दिशा असावी. मोठा ताव आणून त्या हिशेबाने कापून घेतला तर हा त्रास संपतो. ए4च वापरायचा असेल तर सर्वांत आतल्या घडीवर कापडाची बोटभर पट्टी चिकटवा आणि तिच्यासकट शिवा.

शिवण सोपी आहे. पाचसहा ताव एकात एक घालून फर्मा करा, घडीवर दाभणाने तीन भोके पाडा आणि वहीच्या उंचीच्या तिप्पट दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या, मधले भोक वगळून खालच्या भोकातून बाहेर आणा आणि पुन्हा मधल्यातून आत या. दोऱ्याची दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. ओढताना दोरा घडीच्या दिशेने ओढा. पानाच्या दिशेने ओढला तर भोक फाटते.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वह्यांना बुरशी येते आणि कसर लागते. बाइंडर खळीत मोरचूद घालत असत असे ऐकले आहे. आम्हीही घालावे का? (रत्नागिरी)

जुने बाइंडर घालत असत हे खरे आहे, परंतु तुम्ही घालू नये. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विषारी आहे, आणि त्यातील तांब्यामुळे कागद काळांतराने तपकिरी पडून झिजतो. मैद्याची खळ कसरीला आवडते. त्यामुळे कोकणात पुठ्ठ्यासाठी फेव्हिकॉल आणि पानांवरच्या लहानसहान वस्तूंसाठी ग्लू स्टिक बरी. फेव्हिकॉलही पातळ थराने, कडेपर्यंत लावावा आणि वही रात्रभर वजनाखाली ठेवावी. वर्तमानपत्राचे कात्रण थेट लावू नका, ते स्वतः पिवळे पडते आणि शेजारच्या पानावर डाग पाडते. वही कपाटात भिंतीपासून दूर ठेवा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि आश्विनातले कोरडे ऊन पडू लागले की ती सावलीत उघडून वारा द्या.

प्रश्न : मी जंक जर्नल करून विकते. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि देवादिकांची जुनी छापील चित्रे स्कॅन करून वापरली तर कायद्याची अडचण येईल का? (पुणे)

चित्र कोणाचे आहे यावर ते अवलंबून आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले आणि एम. व्ही. धुरंधर 1944 साली, तेव्हा त्यांची चित्रे तुम्ही मोकळेपणाने वापरू शकता. दीनानाथ दलाल 1971 साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क 2031 च्या अखेरपर्यंत आहे. मुखपृष्ठ पन्नास-साठ वर्षांचे जुने आहे एवढ्यावरून ते मुक्त झाले असे समजू नका. विकत घेतलेल्या डिजिटल संचांतही ‘वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेले असेल तर ती चित्रे विक्रीच्या वहीत चालत नाहीत. त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो.

पानांसाठी दिवाळी अंक शोधायचेच असतील तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी जा आणि मुखपृष्ठ गेलेले, पाने निसटलेले अंक मागा. ते स्वस्तही मिळतात. 1909 च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेल्या या परंपरेतला एखादा अंक धड सापडला, तर तो फाडण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला विचारा की त्यांच्याकडे तो आहे का. नसेल तर त्यांना द्या, आणि देण्यापूर्वी आपल्या संग्रहासाठी मुखपृष्ठाचा एक फोटो काढून घ्या.