सेलपिपचा पाचवा टास्क : तयारी तिसऱ्या पर्यायाची करा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की सेलपिप, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, तिच्या स्पीकिंगमध्ये बाकीचं जमतं, पण पाचव्या टास्कला, म्हणजे तुलना करून समोरच्याला पटवायच्या प्रश्नाला, 40 सेकंदांतच बोलणं संपतं आणि पुढे तेच तेच घोळवत राहता. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे आणि एखादं चांगलं टेम्प्लेट हवंय. वाचताना मला माझा पहिला प्रयत्न जसाच्या तसा आठवला, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी शिक्षक नाही, इमिग्रेशनचा सल्लागार तर नाहीच. ही परीक्षा दोनदा दिली आहे, तेवढ्याच अनुभवावर बोलतोय. नोंदणी, ओळखपत्र वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

टेम्प्लेट देत नाही, कारण माझं नुकसान टेम्प्लेटनेच केलं.

मी टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या एका क्लासला जात होतो, नाव लिहीत नाही. तिथे या टास्कसाठी छापील कागद देत. एका पानावर दोन चित्रं, खाली चार-चार ओळी माहिती. एक निवडा आणि दुसरं का नको ते सांगा. असे वीस-पंचवीस कागद मी घोटले, सोबत पाठ केलेली सुरुवात आणि पाठ केलेला शेवट. खऱ्या परीक्षेत मात्र पहिल्या पडद्यावर दोन पर्याय दाखवून फक्त निवडायला 60 सेकंद देतात. निवडलं नाही तर संगणकच तुमच्या वतीने निवडतो. मग दुसरा पडदा येतो. तिथे तुमची निवड असते आणि तिच्या शेजारी एक नवाच, तिसरा पर्याय, जो घरातल्या कुणाला किंवा सहकाऱ्याला आवडलेला असतो. तयारीला 60 सेकंद, बोलायला 60 सेकंद. पटवायचं त्या माणसाला, आणि तुलना त्या तिसऱ्या पर्यायाशी. पहिल्या पडद्यावर जे नाकारलं त्याचा विषय तिथेच संपलेला असतो.

मला हे ठाऊकच नव्हतं. पहिल्या मिनिटात मी दोन्ही पर्यायांचे मुद्दे कागदावर भराभर उतरवले, नाकारलेल्याचे दोष सुद्धा. पडदा बदलला तरी माझी नजर कागदावरच. बोलायला लागलो आणि जवळजवळ निम्मा वेळ अशा गोष्टीविरुद्ध बोललो जी समोर नव्हतीच. मध्येच लक्षात आलं, तेव्हा घशाला कोरड पडली. ज्याला पटवायचं होतं त्याला तर मी एकदाही हाक मारली नाही.

स्पीकिंगला 8 आले. बाकी तिन्हींत, म्हणजे ऐकणं, वाचणं, लिहिणं यांत, 9 किंवा वर. आठही टास्क मिळून एकच स्तर देतात, त्यामुळे याच एका उत्तराने घात केला असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण आशय, शब्दसंपदा आणि ऐकायला सुलभ आहे का, यांच्या जोडीला 'दिलेलं काम पूर्ण केलं का' हाही एक निकष असतो, आणि तिथे माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या एका आकड्याची किंमत सांगतो. मी तेव्हा अविवाहित, एक पदवी, भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायमचं राहायला अर्ज करणाऱ्यांना गुण देऊन निवडायच्या पद्धतीत, स्पीकिंगचे 31 ऐवजी 23 गुण झाले. चारही कौशल्यांत सीएलबी 9 नाही (सीएलबी ही इंग्रजी मोजायची कॅनडाची पट्टी, सेलपिपचे 9 म्हणजे सीएलबी 9) म्हणून पदवी आणि इंग्रजी मिळून जे जोडगुण देतात त्यांत 25 ऐवजी 13, आणि परदेशी अनुभवाच्या जोडगुणांत 50 ऐवजी 25. एकूण 45 गुण गेले. (तुमचं गणित वेगळं असेल. जोडीदार सोबत असेल तर कोष्टकच बदलतं. स्वतः आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, कॅल्क्युलेटरवर घालून बघा.)

निकाल घेऊन क्लासात गेलो. कागद दाखवून म्हटलं, परीक्षेत तिसरा पर्याय असतो, तुमच्या कागदांत तो कुठेच नाही. उत्तर मिळालं की तुमचा अ‍ॅक्सेंट कच्चा आहे, पुढचं पॅकेज घ्या. माझी चूक मला कळली होती आणि मला सांगत होते की दोष माझ्या जिभेचा आहे. पैसे गेल्यापेक्षा याचा राग जास्त आला, अजून येतो. नंतर कितीतरी मराठी मुलं भेटली जी अ‍ॅक्सेंट सुधारण्याच्या मागे लागून प्रश्न वाचायलाच शिकली नव्हती. क्लास लावूच नका असं म्हणत नाही, चांगलेही असतील. पण अधिकृत संकेतस्थळावरची मोफत सराव परीक्षा आधी द्या, आणि क्लासचं साहित्य तिच्याशी जुळत नसेल तर तिथून निघा.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. पहिल्या पडद्यावर लिहिणं बंद. तिथे एवढंच पाहायचं की कुठल्या पर्यायात बोलायला धरता येतील अशा गोष्टी आहेत : किंमत, अंतर, आकार, वेळ. मनापासून आवडलेला पर्याय निवडायची गरज नाही. खरं लिखाण दुसऱ्या पडद्यावर. कागदाच्या डोक्यावर समोरचा माणूस कोण ते, खाली मधोमध रेघ, आणि मुद्द्यांच्या तीनच जोड्या : एका बाजूला माझ्या पर्यायाचा मुद्दा, समोर त्याच्या पर्यायाचा.

परीक्षेतला प्रश्न बाहेर सांगायचा नाही असं मान्य करून घेतात, म्हणून उदाहरण माझं रचलेलं देतो. आईबाबा चार महिन्यांसाठी येणार आहेत. तुम्ही तळमजल्यावरचं 1,800 डॉलरचं घर निवडलंय, बसथांबा दारात. भावाला 14व्या मजल्यावरचं 2,300 चं आवडलंय, जिम आणि मोठी गॅलरी. आता 'माझं स्वस्त आहे' म्हणून थांबलात की 40 सेकंदांत संपणारच. त्याऐवजी भावाला असं सांगा : 'दर महिन्याला 500 म्हणजे चार महिन्यांत 2,000 वाचले, त्यात दोघांना नायगारा दाखवून आणता येईल. आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट बंद पडली तर ती घरातच अडकेल. तुझी जिम मलाही आवडली, पण आपण दोघं दिवसभर कामावर, वापरणार कोण?' मुद्दा तोच, पण तो त्या माणसाच्या घरापर्यंत नेला की बोलणं आपोआप लांबतं. गुडघेदुखी चित्रात लिहिलेली नसली तरी चालते, ते तुमचं घर आहे असं समजूनच बोलायचं असतं. आणि त्याच्या पर्यायातली एक चांगली बाजू आधी मान्य करा. घरात फ्रिज घेताना आपण बायकोला किंवा वडिलांना असंच पटवतो, तिथे कुणी टेम्प्लेट वापरत नाही.

एक खास आपल्या लोकांची अडचण. मराठीत 'हे त्यापेक्षा स्वस्त आहे' म्हणताना 'स्वस्त' बदलत नाही, सगळं काम 'पेक्षा' करतो. त्यामुळे घाईत इंग्रजीत 'चीप दॅन' निघतं, किंवा भीतीपोटी 'मोअर चीपर'. तुलनेच्या टास्कमध्ये हीच चूक चार-पाच वेळा कानावर पडते. मी बारा-पंधरा विशेषणं निवडून, चीपर, क्लोजर, सेफर, मोअर कम्फर्टेबल अशी, रोज भांडी घासताना मोठ्याने वाक्यांत वापरायचो. 'हो ना?' च्या सवयीने प्रत्येक वाक्याला 'इझन्ट इट' लावणंही तेव्हाच सुटलं.

सरावासाठी किराणा दुकानांचे आठवड्याचे फ्लायर पुरतात. दोन मायक्रोवेव्ह समोर ठेवून मी एक निवडायचो, मग रूममेट कुठल्याही पानावरचा तिसरा दाखवायचा आणि म्हणायचा, मला हा हवाय. आधी कळू द्यायचं नाही, एवढीच अट. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि टीव्ही चालू ठेवायचा, कारण परीक्षेच्या खोलीत शेजारचेही आपापल्या माइकमध्ये बोलत असतात आणि हेडफोनमधूनही ते आवाज येतात. पहिल्या वेळी शेजारच्या बाईंचं उत्तर ऐकण्यातच माझे काही सेकंद गेले होते.

दुसऱ्या प्रयत्नात 10 आले. तीन आठवडे तुम्हाला पुरेसे आहेत असं मला वाटतं. घरात तिसरा पर्याय दाखवणारं कुणी नसेल तर मला मेसेज करा. तुमची निवड कळवलीत की तिसरा फोटो मी पाठवीन, तुम्ही मिनिटभराचं रेकॉर्डिंग परत पाठवा. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.