एकट्याने सायकल चालवताना: ट्रॅकर, घड्याळ आणि दिव्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कास-बामणोलीला एकटाच जातो. घरच्यांसाठी मोबाईलचं लाइव्ह लोकेशन पुरे, की वेगळा जीपीएस ट्रॅकर घेऊ? (विद्यार्थी, शाहूपुरी, सातारा)

वेगळ्या ट्रॅकरने तुमची अडचण सुटणार नाही. उपग्रहांच्या आधारे यंत्राला आपली जागा कळते, पण ती घरी कळवायला मोबाईलचंच नेटवर्क लागतं. कास सोडून बामणोलीकडे उतरताना रेंज गेली, की सिमवर चालणारा ट्रॅकर आणि फोन दोन्ही गप्प. त्यापेक्षा फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं. गुगल मॅप्सवर शेवटची नोंद किती वेळापूर्वीची आणि फोनची बॅटरी किती, हेही घरच्यांना दिसतं. हे त्यांना बसून दाखवा, नाहीतर ठिपका हलेना म्हणून आईच्या जिवाला घोर लागतो. निघताना स्पष्ट सांगा: "कासनंतर रेंज नाही. अकराला परत कासला येऊन फोन करतो. बारापर्यंत आला नाही, तर काकांना गाडी घेऊन पाठव." हे ठरलं नसेल तर कितीही महागडं यंत्र घेऊन उपयोग नाही. तुमच्या सिमला रेंज नसली, तरी तिथे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर ११२ लागू शकतो. प्रयत्न जरूर करा.

प्रश्न: भाऊ परदेशातून गार्मिन इनरीच आणतोय. वापरू का? (कराड)

नको, त्याला आजच कळवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी अशी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. त्यापायी विमानतळावर परदेशी प्रवाशांनाही अडवलं गेलं आहे. हँडलवरचा साधा जीपीएस कॉम्प्युटर मात्र खुशाल आणू दे, तो उपग्रहाकडे काही पाठवत नाही.

प्रश्न: मुलगी पसरणी घाट करते. पडल्यावर आपोआप कळवणारं घड्याळ घ्यावं का? (पालक, वाई)

परवडत असेल तर घ्या, पण त्याची मर्यादा ओळखून. जोराचा हिसका बसला की घड्याळ काही सेकंद उलटी मोजणी करतं आणि तिने थांबवलं नाही तर निरोप धाडतं. सिम नसलेल्या घड्याळाचा निरोप जोडलेल्या फोनवरूनच जातो, म्हणून फोन सोबत आणि चार्ज हवा. खड्ड्यातल्या दणक्यानेही ते कधी फसतं, तेव्हा मोजणी थांबवायची सवय तिला घरीच होऊ द्या. निरोप जाणाऱ्यांच्या यादीत लगेच निघू शकेल असं वाईतलंच कोणीतरी हवं. लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि तुमचा नंबर दिसेल असं आजच करा, त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: पहाटे तासगाव रस्त्याला जातो. रडार असलेला मागचा दिवा घेण्याजोगा आहे का? (सांगली)

दिवा चांगलाच आहे. मागून येणारी गाडी साधारण १४० मीटरवरून टिपतो आणि हँडलवर इशारा देतो. पण गळीत हंगामात तुम्हाला खरी भीती पुढची. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेले रिफ्लेक्टर, आणि टायर फुटला म्हणून अंधारात रस्त्यातच उभं केलेलं ते धूड. मागे बघणारं रडार त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. म्हणून आधी पुढचा दिवा: रस्ता लांबवर उजळणारा, प्रकाश खाली पाडणारा. मग मागे दोन साधे लाल दिवे, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला, म्हणजे एक विझला तरी दुसरा असतो. घोट्याला रिफ्लेक्टर पट्टी बांधा, पाय हलतो तशी ती चटकन नजरेत भरते. एवढं करून पैसे उरले तर रडार घ्या. डिसेंबरातल्या धुक्यात मात्र उजाडल्याशिवाय निघूच नका.

प्रश्न: राईड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपवर माझा रोजचा रस्ता सगळ्यांना दिसतो का? (गृहिणी, मिरज)

सेटिंग बदललं नसेल तर दिसू शकतो. सुरुवात आणि शेवट लपवायची सोय त्यात आहे. घराभोवतीचा भाग झाका आणि राईड फक्त फॉलोअर्सना दिसेल असं ठेवा. अनोळखी फॉलोअर्स काढून टाका. फोटो टाकायचे ते घरी पोहोचल्यावर.