वेल्डर भाऊ, पहिले अनुभवाचं पत्र पक्कं कर

भाऊ, नुसता आयटीआय हाय म्हणून बिचकू नको, कॅनडात 2023 पासून एक्सप्रेस एंट्रीत, म्हंजे तिथं कायम राहाले अर्ज करायच्या ऑनलाइन पद्धतीत, ट्रेडवाल्यांचे (हातच्या कारागिरीवाल्यांचे) वेगळे ड्रॉ, म्हंजे बोलावण्याच्या फेऱ्या, निघतात. वेल्डरचा एनओसी कोड, म्हंजे कॅनडाच्या यादीतला कामाचा नंबर, 72106. पण त्यातल्याच फेडरल ट्रेड नावाच्या कारागिरांच्या योजनेसाठी मागच्या 5 वर्षांत 2 वर्षं फुलटाइम काम अन् वरून तिकडची वर्षभराची जॉब ऑफर नाहीतर तिथलं ट्रेड सर्टिफिकेट लागते, हे नीट ध्यानात ठेव. आयलट्सले, म्हंजे इंग्रजीच्या परीक्षेत, ऐकण्या-बोलण्यात 5 बँड पाहिजेच. खरी गोची अनुभवाच्या पत्रात होते, माझ्या बुटीबोरीच्या मालकानं 'काम करत होता' एवढंच लिहून देलं, मंग तारखा, आठवड्याचे तास, पगार, वेल्डिंग आर्गनचं का सीओटूचं, कोणती कामं केली सारं टाकून घ्यायले दोन महिने चकरा मारल्या. कापूस विकून एजंटले पैसे देऊ नको रे, एक्सप्रेस एंट्रीचं प्रोफाइल आपल्यालेच फुकट बनवता येते.