प्रॉक्समॉक्सवरच्या (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) स्टोरेजच्या यादीची माहिती सहकाऱ्यांसाठी लिहून ठेवायची आहे. मॅन पेज (कमांडसोबत येणारं माहितीचं पान) असताना त्यात वेगळं काय लिहावं?

तुम्ही लिहिलंय की उद्यमबागेतल्या कारखान्यात प्रॉक्समॉक्सचा एक सर्व्हर आहे, आजवर तो तुम्ही एकटेच बघत आलात, आणि आता रात्रपाळीच्या पोरांना 'पीव्हीईएसएम' ही स्टोरेज बघायची कमांड वापरता यावी म्हणून माहिती लिहायला बसलाय. मी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान कारखान्यांचे आणि पतसंस्थांचे सर्व्हर बघतो. तिथं जे उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

मॅन पेज उतरवून काढू नका. पर्यायांची जंत्री तिथं आहेच, आणि आवृत्ती बदलली की तुमची नक्कल जुनी होणार. सगळं सुरळीत चालू असलेल्या दिवशी तुमच्याच सर्व्हरवर 'पीव्हीईएसएम स्टेटस' चालवा आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं कागदावर घ्या. वर तारीख आणि 'पीव्हीईव्हर्जन'नं दाखवलेली आवृत्ती लिहा. रात्री दोन वाजता समोरची यादी बरोबर आहे की नाही हे पोराला कळायचं तर त्याच्याकडं चांगल्या दिवसाची यादी हवी की ओ.

मग एककं लिहा. 'स्टेटस'मधले एकूण, वापरलेले आणि शिल्लक हे आकडे किबीबाइटमध्ये (1024 बाइटचं एकक) असतात, तर 'पीव्हीईएसएम लिस्ट'मधला आकार बाइटमध्ये येतो. म्हणजे तीच 32 जीबीची जागा एकीकडं 33554432 आणि दुसरीकडं 34359738368 अशी दिसते. हे लिहिलेलं नसलं तर नवा माणूस दोन आकडे शेजारी ठेवून घाबरतो.

सगळ्यात जास्त जागा द्या ती एलव्हीएम-थिनला, म्हणजे डिस्कला जागा आधी नुसती कबूल करून डेटा येईल तशी देणाऱ्या स्टोरेजला. 'लिस्ट' प्रत्येक डिस्कचा कबूल केलेला आकार दाखवते. खरोखर किती जागा भरली हे त्यात नसतं. जेवणाचं आमंत्रण हजार जणांना आणि स्वयंपाक सातशेंचा, असा हा प्रकार आहे. सगळे एकदम आले नाहीत तोवर निभावतं. त्यामुळं 'लिस्ट'मधल्या आकारांची बेरीज पूलच्या (या सगळ्या डिस्कमध्ये मिळून असलेल्या साठ्याच्या) एकूण जागेपेक्षा मोठी दिसली तर ती चूक नव्हे, पण पूल खरंच भरला की सर्व्हरवरच्या आभासी मशीनना डिस्कवर लिहिताना एरर येऊ लागतात आणि त्यांच्या फाइल सिस्टिम बिघडू शकतात. यासाठी कागदावर 'एलव्हीएस' कमांडही द्या आणि डेटा व मेटा असे टक्क्यांचे दोन्ही रकाने बघायला सांगा. डेटाला जागा असूनही मेटा भरला तरी पूल अडकतो. अजून एक गोष्ट आवर्जून लिहा: थिन पूलवरचे स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) 'लिस्ट'मध्ये येत नाहीत, पण जागा खातात. 'जागा कुठं गेली?' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं, आणि ते 'एलव्हीएस'मध्ये दिसतं.

बॅकअपसाठी यूएसबी डिस्क जोडून तिचं फोल्डर स्टोरेज म्हणून दिलंय का? आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तसंच असतं. ती डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे त्या फोल्डरला जोडली गेली नाही, तरी रिकामं फोल्डर जागेवर असतंच, म्हणून 'स्टेटस' तिला 'ॲक्टिव्ह'च म्हणते, आणि बॅकअप गुपचूप सर्व्हरच्या मूळ डिस्कवर जाऊन ती भरून टाकतो. ओळखायची खूण अशी की 'लोकल' (सर्व्हरच्या मूळ डिस्कवरचं स्टोरेज) आणि बॅकअप या दोन ओळींचे एकूण आणि वापरलेले आकडे तंतोतंत सारखे दिसतात. ही खूण ठळक अक्षरात लिहा. कायमचा उपाय म्हणजे त्या स्टोरेजला 'इज माउंटपॉइंट' हा पर्याय 'यस' करून ठेवणं. मग डिस्क नसेल तेव्हा ते स्टोरेज चालू दिसणार नाही.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की सर्व्हर आधी उठतो आणि एनएएस (नेटवर्कवरून जागा देणारी साठवणपेटी) मागून. तेवढ्या वेळात एनएफएसची, म्हणजे त्या एनएएसवरच्या स्टोरेजची, ओळ 'इनॲक्टिव्ह' दिसते, कमांडही उत्तर द्यायला वेळ घेते. आधी एनएएसचे दिवे बघा, थोडं थांबा, मग पुन्हा यादी घ्या, एवढं लिहिलं तरी पुरे.

व्हॉल्यूमच्या (स्टोरेजमधल्या एकेका डिस्कच्या) नावाबद्दल मात्र सावकाश समजावा. 'लोकल-एलव्हीएम:व्हीएम-105-डिस्क-0' यात कोलनच्या आधी स्टोरेजचं नाव, पुढं मालक मशीनचा क्रमांक. पण नावात 105 आहे म्हणून ती डिस्क आज 105 ला जोडलेली असेलच असं नाही. ते 'क्यूएम कॉन्फिग 105' या कमांडनं त्या मशीनची नोंद बघूनच कळतं. उलटही होतं: कुणालाच जोडलेली नाही असं वाटणारी डिस्क एखाद्या स्नॅपशॉटला लागत असते. 'क्यूएम डिस्क रीस्कॅन' चालवलं की सुटलेल्या डिस्क त्या मशीनच्या नोंदीत 'अनयूज्ड' म्हणून येतात, निर्णय त्यानंतर घ्यायचा. 'पीव्हीईएसएम फ्री' ही कमांड या कागदावर देऊच नका. ती व्हॉल्यूममधला डेटा कायमचा घालवते. यादी बघणाऱ्याच्या हातात पुसायची कमांड नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा मोकळी करायचं काम वेगळ्या कागदावर, तुमच्या परवानगीनं.

दोन स्टोरेज एकाच जागेकडं बोट दाखवत असतील तर तेही नोंदवा, नाहीतर एकच फाइल दोन नावांनी दिसते आणि एक 'जास्तीची' म्हणून कुणीतरी उडवतं. खरं तर अशी दुहेरी नोंद 'स्टोरेज डॉट सीएफजी' या स्टोरेजच्या नोंदींच्या फाइलमधून काढूनच टाकावी.

राहिला भाषेचा भाग. तुमच्या पाळीवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी पोरं असणारच. कमांड आणि रकान्यांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा, पण समजुतीची वाक्यं दोन्ही भाषांत लिहा. कन्नड भाग पाळीवरच्याच एखाद्याकडून लिहून घ्या, म्हणजे तो लिहितानाच शंका विचारेल आणि तुमच्या मजकुरातली भोकं तिथंच दिसतील. आणि हा कागद त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या मशीनमध्ये ठेवू नका, छापून रॅकच्या दाराला आतून लावा. डिस्क वाढवली किंवा स्टोरेज बदललं की त्याच दिवशी नवी यादी काढून जुनीच्या जागी लावायची.